वादी कापायचं घरगुती हत्यार: रुंदी एकसारखी कशी राखता?

मृदंगी_डिचोली
नमस्कार मंडळी. आमच्या देवळातला मृदंग माझ्या आजोबांच्या वेळचा आहे, फणसाच्या खोडाचा. श्रावणातल्या सप्ताहाला तोच वाजतो. गेल्या वर्षी ऐन भजनात त्याची वादी, म्हणजे दोन्ही तोंडांच्या पुड्या ताणून धरणारी कातड्याची पट्टी, तुटली. दोन ठिकाणी छेद देऊन ओवली, कशीबशी रात्र निभावली. बाजारातून नवी वादी आणली, तीही चार महिन्यांत सुटी पडली. बऱ्याच जणांनी नायलॉनची दोरी घाल म्हणून सांगितलं. बसत नाही मनाला. नायलॉन ओढलं की ओढलं, कातड्यासारखं वाळताना स्वतःहून आवळत नाही.

म्हणून यंदा कोल्हापूरहून म्हशीचं कच्चं कातडं मागवलं, न कमावलेलं, केस काढलेलं. वादी घरीच कापायची असं ठरवलं. पहिल्यांदा कात्रीने कापली, कड सगळी नागमोडी. मग ब्लेड धरून अंगठ्याच्या अंदाजाने कापली. मोजून पाहिलं तर कुठे ७ मिलीमीटर, कुठे १२. जिथे ७, तिथेच ओढताना तुटली. मला १० मिलीमीटरची सलग वादी हवी आहे, आणि पुडीच्या (तोंडावरच्या कातड्याच्या) कडेला विणतात त्या गजऱ्यासाठी ३-४ मिलीमीटरची बारीक. गजरा विणताना एक पदर जाड आणि एक बारीक असला की पुडी एका बाजूला चढते.

कुणी घरी हत्यार केलं आहे का? कसं केलं, कृपा करून सविस्तर लिहा.

रापीवाले
मृदंगीबाब, आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याचं काम. वडील म्हापशाला बसायचे, मूळ आम्ही कोल्हापूरकडचे. चपलांची वेणी मी शाळेत असल्यापासून विणतो, पण ती कमावलेल्या चामड्याची. बाभळीची साल आणि हिरडा पिऊन मऊ झालेलं ते चामडं. कच्च्याचा स्वभाव वेगळा. ओलं असताना लोण्यासारखं, वाळलं की हाडासारखं. कमावलेल्याची सवय कच्च्याला लावायला गेलात तर फसाल.

वडिलांकडे वादीसाठी हत्यार नव्हतंच. रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, उजव्या हातात, डाव्या अंगठ्याचं नख कातड्याच्या कडेला टेकवायचं, नख आणि धार यांतलं अंतर हलू द्यायचं नाही. कातडं फिरतं, रापी जागेवर. लोक उलटं करतात: कातडं जागेवर ठेवून रापी ओढतात. तिथेच रुंदी जाते. हे हाताला बसायला वर्षं लागतात, त्यामुळे तुम्ही हत्यार करताय ते योग्यच आहे. पण तत्त्व तेच ठेवा: धार आणि टेका दोन्ही स्थिर, फिरेल ते कातडं.

दोन गोष्टी विचारतो. कातडं कुठल्या भागाचं आहे, पाठीचं की पोटाचं? आणि कापताना किती ओलं होतं?

मृदंगी_डिचोली
भाग कुठला ते ओळखू येत नाही. एक बाजू जाड आणि घट्ट आहे, दुसरी पातळ आणि ढिली. कापलं तेव्हा बादलीतून काढून लगेच, पाणी गळत होतं.

रापीवाले
जाड-घट्ट ती पाठ. वादी तिचीच काढा. पोटाकडची बाजू ओढली की लांबत जाते, तिची वादी रोज आवळावी लागेल. वादी ज्या गोल चकतीतून फेऱ्याफेऱ्याने काढायची, ती चकती आखताना अर्धी पाठीवर अर्धी पोटावर अशी आखू नका, प्रत्येक फेऱ्यात अर्धी वादी ताणेल आणि अर्धी नाही.

आणि गळतं कातडं कधीच कापायचं नाही. धारेपुढे ते दबतं, बाजूला सरकतं, मग कापतं. रात्रभर भिजवा, सकाळी काढून जाड पंचात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. दुसऱ्या दिवशी कापा. दुमडून दाबलं तर पाण्याचा थेंब येता कामा नये, पण वाकताना करकरताही कामा नये. सुकायला ठेवलेल्या खोबऱ्याची वाटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जशी लागते ना, तसं.

पर्वरीकरीण
प्लॅस्टिकच्या बाटलीपासून दोरी काढायचं ते छोटं यंत्र असतं, दोन वॉशर आणि मधे कटरचं पातं, ते मी वापरून पाहिलं होतं. मी पट्टे वगैरे विणते, त्यासाठी. बाटलीचं प्लॅस्टिक सगळीकडे सारख्या जाडीचं असतं, म्हणून तिथे जमतं. कातडं एके ठिकाणी २ मिलीमीटर तर पुढे ३. वॉशरच्या फटीत जाड भाग अडकला की आपण जोर लावतो, आणि जोर लावला की वादी चिरते. फट मोठी केली तर पातळ भाग आत उभा राहतो. माझं अर्धं कातडं त्यात वाया गेलं. तत्त्व बरोबर आहे, पण फट उंचीला कमी-जास्त करता यायला हवी.

माट्टीची_फळी
मी सुतार, वाळपईजवळचा. बैलांच्या गळ्यातल्या घंटांचे पट्टे विणायला वादी लागते म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी एक हत्यार केलं, अजून चालतंय. वर ज्या अडचणी लिहिल्या आहेत त्या सगळ्या मलाही आल्या, त्यामुळे नीट लिहितो.

फळी माट्टीची, म्हणजे ऐनाची घ्या. हातभर लांब, वीतभर रुंद, दोन इंच जाड. मऊ लाकूड नको, पातं आत हलायला लागतं. पुढच्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत, बारीक करवतीने उभी खाच पाडा, कटरचं जाड पातं घट्ट बसेल एवढीच. पातं उभं ठोका, धार समोरून येणाऱ्या कातड्याकडे. अगदी सरळ ९० अंशात नको, वरचं टोक किंचित समोर, येणाऱ्या कातड्याकडे कलतं ठेवा, म्हणजे कातडं पात्यावर चढत नाही, खाली दबून कापलं जातं.

आता टेका. पात्याच्या डाव्या बाजूला ८ मिलीमीटरचा बोल्ट उभा. बोल्ट गोल असतो हेच त्याचं काम: चकतीची कड वाकडी असते, तिला सपाट पट्टीचा टेका दिला तर दोन टोकं टेकतात आणि मधे पोकळी राहते. गोलाला एकच बिंदू टेकतो. तो बिंदू बरोबर धारेच्या शेजारी यायला हवा. माझा पहिला बोल्ट धारेच्या बोटभर मागे होता, त्यामुळे कातडं आधी कापलं जायचं आणि मग टेकायचं. त्याला अर्थ नाही.

बोल्टसाठी गोल भोक न पाडता आडवी लांबट खाच कोरा आणि खालून पंखाचा नट लावा. मग ३ मिलीमीटरपासून १५ पर्यंत हवं तिथे सरकवून आवळता येतं. रुंदी बसवायला मी लाकडाच्या मापाच्या चिपा करून ठेवल्या आहेत, बोल्ट आणि पातं यांत चीप घालायची आणि नट आवळायचा. पट्टीने मोजत बसलं की दर वेळी थोडं चुकतं.

पर्वरीकरीणबाय, तुमच्या फटीचा उपाय असा: बोल्टावर मोठा वॉशर, त्याच्यावर वरून दाबणारी एक मऊ स्प्रिंग, आणि तिच्या वर नट. म्हणजे नट आणि वॉशर यांच्यामधे स्प्रिंग. जाड भाग आला की वॉशर वर उचलला जातो, पातळ आला की खाली येतो. बॉलपेनातली स्प्रिंग फार नाजूक, मी सायकलच्या ब्रेकची घेतली.

कापताना चकती उजव्या बाजूला सपाट ठेवायची, डाव्या हाताने सुरुवातीची वादी आपल्याकडे ओढायची, उजव्या हाताने चकती फक्त बोल्टाकडे टेकवत राहायची. ढकलायची नाही. ओढ एका लयीत. मधेच थांबलात तर तिथे खूण राहते.

काम संपलं की पात्यावर बूच खोचा, फेणीच्या बाटलीचं मोठं बूच बरोबर बसतं. उभं पातं फळीवर उघडं ठेवून उठू नका, घरात मुलं असतात.

घुमटपथक
छान धागा. आम्ही चवथीला आरत्यांना घुमट (मातीच्या घड्याचं वाद्य) वाजवतो, घुमटाला वादी लागत नाही, तोंडावर चामडं दोरीने बांधतात. पण कातड्याचा विषय आहे म्हणून सांगतो, हल्ली कुणीतरी परत घोरपडीच्या कातड्याची चौकशी करतं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घुमट २०१९ साली गोवा राज्याचं वारसा वाद्य झालं ते बकरीच्या कातड्यावरच. नीट घासलेलं आणि नीट ताणलेलं बकरीचं कातडं सुंदर घुमतं, आमचं पथक त्यावरच सुंवारी (घुमटावरचा वादनप्रकार) वाजवतं.

गणित_फोंडा
मृदंगीबाब, चकती किती मोठी लागेल ते आधी काढा, नाहीतर वादी हातभर कमी पडते आणि सांधा द्यावा लागतो. गोल फिरत कापलेली वादी म्हणजे चकतीचं क्षेत्रफळच लांब होऊन आलेलं असतं. चकतीच्या त्रिज्येचा वर्ग, त्यातून मधे उरणाऱ्या तुकड्याच्या त्रिज्येचा वर्ग वजा करा, ३.१४ ने गुणा, वादीच्या रुंदीने भागा.

तुमच्या मृदंगाची लांबी दोन फुटांच्या वर धरली आणि वादी गजऱ्यातल्या १६ घरांतून (भोकांतून) खाली-वर ३२ वेळा जाते असं धरलं, तर सुमारे २१ मीटर लागेल. १० मिलीमीटर रुंदीला ५२ सेंटिमीटर व्यासाची चकती, मधे ६ सेंटिमीटरचा गोल सोडून: ३.१४ × (६७६ − ९) ÷ १ = जवळजवळ २,०९५ सेंटिमीटर. बरोबर २१ मीटर. गाठी आणि चुका यांसाठी ५६ सेंटिमीटरची घ्या.

मृदंगी_डिचोली
सगळ्यांचे मनापासून आभार. फळी केली, माट्टी नाही मिळाली, जुन्या दाराची सागवानी चौकट होती तिची केली. पाठीचं कातडं, पंचात गुंडाळलेलं. मोठी चकती घालवायची भीती वाटली म्हणून २० सेंटिमीटरची कापून पाहिली.

आधीपेक्षा खूपच चांगली आली. पण काही ठिकाणी अजूनही वादी अरुंद होते, ७-८ मिलीमीटर. बाकी सगळीकडे १० च्या आसपास. हे अधूनमधून का होतं ते कळत नाही. पातं नवीन आहे, बोल्ट हलत नाही, ओढ एका लयीत होती.

गणित_फोंडा
अरुंद जागा एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, मोजून सांगाल का? वादी सरळ ताणून.

मृदंगी_डिचोली
मोजलं. पहिल्या दोन जागांमधे ६० सेंटिमीटर. पुढचं अंतर ५३. त्यापुढचं ४७.

गणित_फोंडा
मग चूक चकतीत आहे, हत्यारात नाही. २० सेंटिमीटरच्या चकतीचा पहिला फेरा, वादीच्या मध्यावरून मोजला तर, जवळजवळ ६० सेंटिमीटर येतो. दर फेऱ्याला त्रिज्या १ सेंटिमीटरने कमी होते, म्हणजे फेरा साधारण सव्वासहा सेंटिमीटरने. ६०, ५३, ४७. तुमची अरुंद जागा दर फेऱ्याला चकतीच्या त्याच बाजूला येते आहे. तिथे कडेला काहीतरी आहे.

माट्टीची_फळी
अगदी बरोबर पकडलंत सर. चकती कशाने कापली होती मृदंगीबाब? कात्रीने असेल तर जिथे कात्री उघडून परत घातली तिथे बारीक कोपरा राहतो. तो कोपरा बोल्टाशी आला की चकती एकदम वळते, कड क्षणभर टेक्यावरून सुटते आणि वादी अरुंद होते. कोपरा संपत नाही, आतल्या कडेला तसाच उतरतो आणि पुढच्या फेऱ्यात परत भेटतो. टेका कडेचाच घ्यायचा असल्यामुळे कड जशी तशी वादी. हे मी वर लिहायला हवं होतं, राहून गेलं.

मृदंगी_डिचोली
कात्रीनेच. आणि चकतीचा उरलेला मधला तुकडा आत्ता हातात घेऊन पाहिला, एका बाजूला कोपरा अजून बोटाला लागतो आहे. पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

रापीवाले
चकती सुकीच आखा आणि सुकीच कापा. मधे खिळा, त्याला दोरा, दोऱ्याला पेन्सिल. रेघेच्या थोडं बाहेरून कापा आणि मग पॉलिश पेपरने कड रेघेपर्यंत घासत आणा. सुकं कच्चं कातडं लाकडासारखं घासलं जातं. बोट फिरवा, कुठेही अडता कामा नये. त्यानंतर भिजवा. पहिला फेरा अर्ध्या रुंदीचा काढून टाकून द्या, त्यात उरलंसुरलं खडबडीत निघून जातं.

पेडण्याची_सून
मी चार पदरी गोफ विणते, कुत्र्यांचे पट्टे, दिरांच्या बैलांची वेसण-दोर. कच्चं कातडं मिळत नव्हतं तेव्हा प्राण्यांच्या दुकानातली चघळायची कातड्याची हाडं आणून, दोन दिवस भिजवून उलगडून वापरली आहेत. सरावाला चालतात. पण ती बऱ्याचदा ब्लीच केलेली असतात, आणि तुकडा लहान असतो, त्यामुळे वादी आखूड. वाद्याला घालू नका.

विणणाऱ्यांसाठी माझं एक सांगणं: रुंदी साधली म्हणजे झालं असं नाही. गजऱ्याच्या बारीक वादीला कडा मारायला हव्यात. चौकोनी कडेची वादी विणली की पदर एकमेकांवर चढतात, मधे भेगा दिसतात. आतल्या बाजूच्या, म्हणजे मांसाकडच्या दोन्ही कडा तिरक्या छिलल्या की पदर एकमेकांत बसतात. मी लाकडाच्या तुकड्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडली आहे, तिच्या एका उतारावर अर्ध्या ब्लेडचं पातं ४५ अंशात ठोकलं आहे. वादी खाचेतून ओढायची, एक कड छिलली जाते, उलट टोकाकडून ओढली की दुसरी. एकाच वेळी दोन पाती लावून पाहिली होती, वादी कुठे जास्त खाल्ली जाते ते कळत नाही. एक-एकच बरी.

विणायला लागणारी लांबी तयार गोफाच्या दीडपट तरी धरा. आणि विणताना वादीला साबणाचा हात फिरवा, सरकते छान.

माट्टीची_फळी
जाडीसाठीही सांगतो. रंध्याचं जुनं पातं एका जाड खिळ्याच्या किंवा गुळगुळीत बोल्टाच्या वर, मधे हवी तेवढी फट ठेवून, तिरकं बसवायचं. वादी बोल्टावरून, पात्याखालून ओढायची, मांसाची बाजू वर. दीड मिलीमीटरला आणायची असेल तर एकदम आणू नका, दोन-तीन वेळा ओढा. हे आधी नाही, वादी कापून झाल्यावर करा, आणि कडा मारायच्या आधी.

पर्वरीकरीण
स्प्रिंगचा वॉशर लावून बघितला. सायकलच्या दुकानातून जुनी ब्रेकची स्प्रिंग फुकट मिळाली. जाड भाग अडकत नाही आता. धन्यवाद बाब!

शिकाऊ_काणकोण
माझ्याकडे बकरीचं ताजं कातडं आहे, केसासकट. पावसाळा सुरू होतोय. आत्ता करू का?

रापीवाले
ताजं कातडं ठेवून देता येत नाही, कुजेल. आज रात्रीच भरपूर जाडं मीठ चोळून गुंडाळून ठेवा, तेवढ्याने काही दिवस टिकेल. पण चुन्यात घालून केस काढायचं आणि ताणून वाळवायचं काम पावसात कठीण. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, हवा ओलीचिंब, कातडं आठवडाभर वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. पंख्याखाली वाळवायची सोय असेल तरच करा. उन्हात कधीच वाळवू नका, वरची बाजू शिजल्यासारखी होते आणि आत ओल राहते.

चुन्यातून काढलं की पुष्कळ पाण्यात धुवा, नंतर पाण्यात थोडं माडाचं व्हिनेगर घालून तासभर ठेवा. आंबटाने उरलेला चुना मरतो. मग परत साध्या पाण्यात धुवा. चुना आत राहिला तर वादी पुढे ठिसूळ होते. हातमोजे घाला, चुना हात खातो.

मृदंगी_डिचोली
तीन आठवड्यांनी लिहितो आहे. ५६ सेंटिमीटरची चकती, दोऱ्याने आखली, कड घासली, बोटाने तीन वेळा तपासली. पहिला अर्ध्या रुंदीचा फेरा टाकून दिला. मग कापायला बसलो. शेजारचा मुलगा वादी गुंडाळत होता. मधे एकदाच थांबलो, फेरा पुरा झाल्यावर. २२ मीटर आणि थोडी वर, सलग. दर मीटरला मोजली: सगळ्यात अरुंद ९.५, सगळ्यात रुंद १०.५.

ओली असताना ओसरीच्या वाशाला टांगली, खाली अर्ध्या विटेची पिशवी बांधून, म्हणजे चकतीची वळणं सरळ झाली. ताणल्यावर रुंदी थोडी कमी झाली, पण सगळीकडे सारखीच. मृदंगावर चढवताना पूर्ण जोर लावला नाही. एक दिवस वाळू दिली, ओढली, परत एक दिवस, परत ओढली. तिसऱ्या दिवशी गट्टे (वादीखाली खोचायचे लाकडी ठोकळे) घातले. काल संध्याकाळी देवळात वाजवला. आजोबांच्या बरोबर बसणारे एक म्हातारे भजनी आहेत, त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि धुमाला (कणीक लावतात त्या खर्जाच्या तोंडाला) हात लावून म्हणाले, कणीक थोडी जास्त झाली आहे, काढ. वादीबद्दल काही बोलले नाहीत. ती कुठे कमी पडली असती तर त्यांनी तेच आधी सांगितलं असतं.

रापीवालेबाब, माट्टीबाब, गणितसर, पेडण्याच्या ताई, देव बरें करूं.

गजरा अजून बाकी आहे. ३ मिलीमीटरची वादी कापली, पण व्ही खाचेतून ओढताना दोनदा तुटली. ताई, पातं खोल बसलं असेल की वादी जास्त सुकली असेल?

पेडण्याची_सून
तुटलेलं टोक कसं दिसतं? तिरकं निमुळतं असेल तर पातं खोल आहे, कागदाची एक घडी पात्याखाली घालून वर उचला. तंतू सुटे होऊन फाटल्यासारखं असेल तर वादी सुकी आहे, ओल्या पंचातून एकदा ओढून घ्या आणि दहा मिनिटांनी खाचेत घाला. ३ मिलीमीटरला मी एका वेळी हातभरच ओढते, मग पातं पुसते. आतले बारीक धागे धारेला चिकटतात आणि पुढची कड फाडतात.

मृदंगी_डिचोली
निमुळतं आहे. आज रात्री कागद घालून बघतो.